उंदरांचा अर्ज कसा वाचावा

31 वर्षं मी कर्जाचे अर्ज वाचले. द्राक्षबागेचे, ट्रॅक्टरचे, कांदाचाळीचे, आणि मुलीच्या लग्नासाठी हवे असलेले पण 'शेळीपालन' म्हणून लिहिलेले. निफाड, पिंपळगाव बसवंत, शेवटची सात वर्षं नाशिक. निवृत्तीनंतर आमच्या इंदिरानगरच्या गल्लीतल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घेणाऱ्या पाचसहा बायकांचा जमाखर्च माझ्याकडे आला, कारण पावत्या जपून ठेवायची खोड माझीच. त्यातून कुणी तरी माझं नाव पुढे केलं आणि एक पत्र आलं: नाशिकमधल्या एका फार्मसी कॉलेजच्या प्राणी नीतिमत्ता समितीवर 'सामाजिक जाण असलेली, शास्त्रज्ञ नसलेली सदस्य' म्हणून नेमणूक. यजमानांनी पत्र दोनदा वाचलं. "बँकेत होतीस तेव्हा तुला असं कुणी म्हणालं नव्हतं," एवढंच बोलले.

पहिल्या सभेत प्राण्यांवर प्रयोग करायची परवानगी मागणारे अकरा अर्ज होते, दीड तास होता, दोनदा चहा आला. मी सगळीकडे सही केली. परत येताना रिक्षात, मुंबई नाक्याच्या सिग्नलला, सवयीनं बेरीज केली: 342 उंदीर, 12 ससे. अकरा कर्जं मी दीड तासात कधी मंजूर केली नव्हती, आणि तिथं बुडाला असता तर पैसाच बुडाला असता.

दुसऱ्या सभेपासून मी अर्ज वाचायला लागले. असं पत्र उद्या तुम्हाला आलं, किंवा तुमची मुलगी एम.फार्म.ला असून घरात 'फॉर्म बी'वरून, म्हणजे या प्रयोगांच्या अर्जावरून, रडारड चालली असेल, तर हे तुमच्यासाठी.

खुर्ची कसली आहे ते आधी समजून घ्या

1960चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आपल्याकडे आला तो रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खाजगी विधेयक मांडून विषय लावून धरला म्हणून. नृत्यामुळे त्यांचं नाव माहीत असतं, हे नसतं. या कायद्याचं चौथं प्रकरण प्रयोगांबद्दल आहे. हा कायदा प्रयोगांना बंदी करत नाही. त्यांच्यावर देखरेख ठेवायला केंद्राची एक समिती नेमतो. तिला पूर्वी सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए. जिथं जिथं प्रयोगासाठी प्राणी पाळले जातात त्या संस्थेला तिच्याकडे नोंदणी करावी लागते आणि स्वतःची नीतिमत्ता समिती ठेवावी लागते. तीत संस्थेचे शास्त्रज्ञ, एक पशुवैद्य, ॲनिमल हाऊस सांभाळणारे, बाहेरचा एक शास्त्रज्ञ, केंद्रानं पाठवलेला नॉमिनी आणि शेवटी तुम्ही. नॉमिनी नसेल तर सभा होत नाही. उंदीर, ससे, गिनीपिग यांचा निर्णय इथंच होतो. कुत्रा, माकड असे मोठे प्राणी असले तर अर्ज दिल्लीला जातो.

कलम 17 एकदा मराठीत कुणाकडून तरी वाचून घ्या, छोटं आहे. त्यात सरळ लिहिलंय की प्रयोग टाळता येत असेल तर टाळावा, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, आणि नुसता हात बसावा म्हणून प्राण्यावर प्रयोग करू नये. हे शेवटचं मला एकदा कामाला आलं. एका अर्जात 'विद्यार्थ्यांना शेपटीच्या शिरेत इंजेक्शन देण्याचा सराव' असं कारण होतं. मी कलम पुढे सरकवलं. सरावासाठी रबराचे उंदीर मिळतात, आणि औषधांचे परिणाम शिकवायला पुद्दुचेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत तयार झालेलं 'एक्सफार्म' नावाचं सॉफ्टवेअर आहे. माझ्या भाचीच्या वेळी बी.एस्सी.ला बेडूक कापावेच लागत. 2014 साली यूजीसीनं ते बंद केलं आणि त्यामुळे प्राणिशास्त्र शिकवायचं काही अडलेलं नाही.

मग घरचं ठरवा

प्रयोगांबद्दल आपलं स्वतःचं म्हणणं काय, ते आधी ठरवा. हे टाळून अर्ज वाचायला बसलात तर दर वेळी मन अडखळतं.

माझा धाकटा दीर निफाडजवळ शेती करतो. शेतीची वीज रात्री यायची, म्हणून रात्री पाणी द्यायला गेला आणि घोणस चावली. पाय मांडीपर्यंत सुजला होता. सर्पदंशाच्या लशीच्या दहा बाटल्या लागल्या, मग पुन्हा दहा. ती लस घोड्याच्या रक्तातून येते. तमिळनाडूतले इरुला लोक साप धरून विष काढतात, ते घोड्याला थोडंथोडं टोचतात, घोड्याच्या रक्तात प्रतिविष तयार होतं आणि त्याची बाटली बनते. बाटलीत जोर किती आहे हे तपासायला पुन्हा छोट्या उंदरांना विष टोचलं जातं. दीर आज बागेत फिरतो. मी त्याच्याकडे बघून 'सगळे प्रयोग बंद करा' म्हणू शकत नाही.

आणि इन्शुलिन. यजमानांना रोज संध्याकाळी लागतं. 1921 साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते कुत्र्यांवर काम करून शोधलं, पुढे साठ वर्षं ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत होते. आमच्या ओळखीतले एक काका दरवर्षी चुंचाळ्याच्या पांजरपोळला चाऱ्यासाठी देणगी देतात आणि जेवणाआधी सुई घेतात. त्यात मला ढोंग दिसत नाही. पण ते काका कधी समितीवर आले, तर त्यांनी ही सुई मनात आधी मोजलेली असावी.

उलट्या बाजूचंही मोजा. 2006 मध्ये लंडनला सहा निरोगी तरुणांना एक नवं औषध दिलं, माकडांना चाललेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शानं. सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. म्हणजे प्राण्यात चाललं की माणसात चालेलच, असं नाही. समितीत कुणी शास्त्रज्ञ 'हे केलं नाही तर माणसं मरतील' असं मोघम बोलायला लागला तर मी विचारते, या अर्जातल्या कुठल्या माणसाबद्दल बोलताय? बहुतेक वेळा अर्जात पदवी असते, माणूस नसतो. पदवीसाठी प्रयोग करू नये असं मी म्हणत नाही. फक्त तिथं दहा बाटल्यांचं पुण्य चिकटवू नका.

शीर्षक वाचू नका, आकडा वाचा

फॉर्म बी इंग्रजीत असतो आणि शीर्षक तीन ओळींचं. त्यानं दबून जाऊ नका. कर्जाच्या अर्जात मी आधी रक्कम, मग तारण, मग परतफेड बघायचे. 'प्रकल्पाचा उद्देश' सगळ्यात शेवटी, कारण तो सगळ्यांचा सारखाच असतो. इथंही तसंच. आधी किती प्राणी, कुठला, वजन किती. मग 'हाच प्राणी का', 'इतकेच का', 'असा प्रयोग आधी झालाय का' या तीन रकान्यांतली उत्तरं. मग शेवट, म्हणजे प्रयोगानंतर प्राण्याचं काय होणार. उरलेलं घरी आणून वाचा.

पेन्सिल जवळ ठेवा. दोन अर्जांत एकच परिच्छेद शब्दशः आला तर दोन्हीकडे खूण करा. एकदा मला निर्गुडीच्या अर्जात मध्येच 'कोरफडीचा अर्क' सापडला. गेल्या वर्षीच्या मुलाचा अर्ज उचलून झाडाचं नाव बदललं होतं, एका ठिकाणी राहिलं. बँकेत असं व्हायचं तेव्हा सात-बारावर दुसऱ्याचा गट नंबर निघायचा. परत पाठवला, ओरडले नाही.

विद्यार्थ्याला तीन मिनिटं मराठीत बोलू द्या. "तुझ्या आजीला सांगतेस तसं सांग." गाईड मध्ये बोलायला लागले की हात वर करायचा. जिला स्वतःला कळलंय ती तीन मिनिटांत सांगते. जिला कळलेलं नसतं ती 'फार्माकोलॉजिकल इव्हॅल्युएशन' या दोन शब्दांत अडकून राहते.

जांभळाची बी

जांभळाच्या बियांचं चूर्ण देऊन उंदरांची साखर कमी होते का, हा अर्ज दर दोन वर्षांनी येतो. कधी जांभूळ, कधी कारलं, कधी मेथी. उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन टोचायचं, त्यानं स्वादुपिंडातल्या इन्शुलिन करणाऱ्या पेशी मरतात, मग अर्क पाजायचा आणि साखर मोजायची. 'आधी झालंय का' या रकान्यात मुलीनं लिहिलं होतं, 'आमच्या माहितीप्रमाणे नाही.'

मी बाहेरच्या बाकावर बसून फोनवर शोधलं. जांभळाचं शास्त्रीय नाव आणि त्यापुढे स्ट्रेप्टोझोटोसिन, एवढंच टाकलं. पानं संपेनात. माझ्यासारख्या कॉमर्सच्या बाईला दोन मिनिटांत सापडतं ते गाईडना सापडलं नव्हतं असं नाही. त्या रकान्यात तेच वाक्य लिहायचं असतं अशी रीत पडली होती.

सभेत मी म्हटलं, "जांभळानं उंदराची साखर उतरते हे जगाला माहीत आहे. तुला नवीन काय बघायचंय?" मुलगी गप्प. मग हळूच म्हणाली, "मॅडम, पेठकडच्या झाडांची जांभळं लहान आणि तुरट असतात, ती वेगळी आहेत का हे बघायचं होतं." आता हा प्रश्न झाला! आणि त्याला उंदीर लागतच नाही. पिष्टाची साखर करणारं एक एन्झाइम परीक्षानळीत घेऊन, कुठला अर्क त्याला किती रोखतो हे मोजता येतं. बाहेरच्या शास्त्रज्ञ सदस्यांनी तिला तसं सुचवलं. तिचं काम परीक्षानळ्यांवर झालं, पदवीही मिळाली.

तेव्हा हा रकाना कधीही अर्जदाराच्या शब्दावर सोडू नका. स्वतः शोधा. या एका सवयीनं आमच्या समितीत जितके उंदीर वाचले तितके कुठल्याच भाषणानं वाचले नाहीत.

36 का?

बहुतेक अर्जांत 36 असतं. सहा गट, प्रत्येकी सहा. का म्हणून विचारलं की उत्तर येतं, 'स्टॅटिस्टिक्ससाठी'. गोल आकडा दिसला की माझ्यातली बँकवाली जागी होते. शेडनेटचा खर्च बरोब्बर पाच लाख कधीच नसतो.

एक कामचलाऊ हिशेब आहे, तो शिकून घ्या, अवघड नाही. एकूण प्राण्यांमधून गटांची संख्या वजा करा. उत्तर 10 ते 20च्या आत हवं. 20च्या वर गेलं तर प्राणी जास्त मागितलेत. 10च्या खाली आलं तर कमी, आणि कमी हेही वाईट, कारण निकालच लागत नाही आणि मेलेले सगळे फुकट जातात. पहिल्या वर्षी मी नुसतं 'कमी करा, कमी करा' म्हणायचे. पशुवैद्य सदस्यांनी मला बाजूला घेऊन हे समजावलं, तेव्हा जरा खजील झाले. संख्या काढायची पक्की रीत वेगळी आहे, तिला पॉवर ॲनालिसिस म्हणतात. किती फरक पडेल असं धरलंय ते तिच्यात सांगावं लागतं. ती जोडलेली असेल तर उत्तम. नसेल तर हा हिशेब चहाच्या कपाशेजारी करता येतो.

निर्गुडीचा अर्ज घ्या. (कोरफडवाला नव्हे, दुसरा.) या मुलाचा प्रश्न मला आवडला होता. आपल्याकडे गुडघेदुखीवाले पोटात डायक्लोफिनॅक घेतात आणि वैद्यानं दिलेला निर्गुडीचा काढाही घेतात. दोन्ही मिळून काय होतं? उंदराच्या मागच्या पंजात कॅरॅजिनान टोचून सूज आणायची आणि ती मोजत राहायची. गट सहा: सूज नसलेले, नुसती सूज, डायक्लोफिनॅक, निर्गुडी, दोन्ही पूर्ण मात्रेत, दोन्ही अर्ध्या मात्रेत. सहा सक 36. 36 वजा 6 म्हणजे 30. जास्त.

मी विचारलं, "सूज नसलेला पंजा बघायला वेगळे सहा उंदीर कशाला? टोचण्याआधी त्याच उंदराचा पंजा मोजणारच आहेस ना?" तो गाईडकडे बघायला लागला, गाईड छताकडे. एक गट गेला. उरले पाच, प्रत्येकी पाच धरून 25. 25 वजा 5 म्हणजे 20. बसलं.

2020 मध्ये कोव्हॅक्सिनची माकडांवरची चाचणी पुण्याच्या एनआयव्हीत झाली, तेव्हा माकडं 20 होती. पाचपाचचे चार गट. देशभर टोचायच्या लशीला पाचाचा गट पुरला. हा दाखला मी सभेत दोनदा वापरलाय. माकडं आणि उंदीर यांची तुलना शास्त्रीय नाही असं एका प्राध्यापकांनी सांगितलंही, आणि ते बरोबरच आहेत, पण 36 म्हणताना लोक आता जरा थांबतात.

'सॅक्रिफाइस'

अर्जाच्या शेवटी हा शब्द येतोच. 'ॲनिमल्स विल बी सॅक्रिफाइस्ड.' मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला सप्तशृंगी गडावरचा दसरा आठवला. तिथल्या बोकडबळीवरून किती वाद झाले, कोर्टापर्यंत गेले, आणि इथं तोच शब्द छापील रकान्यात मुकाट बसलाय. मी विद्यार्थ्यांना मराठीत 'मारणार' म्हणायला लावते. छळ म्हणून नाही. 'मारणार' म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कसं?

भूल जास्त देऊन, की डब्यात कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडून? कोण करणार, त्याला येतं का, आणि मेला हे कसं ठरवणार? एवढं अर्जात असलं पाहिजे. तिथं नुसतं 'योग्य पद्धतीनं' असेल तर परत पाठवा.

त्याहून मोठा प्रश्न मधल्या दिवसांचा आहे. मरण एका क्षणाचं असतं, प्रयोग अठ्ठावीस दिवसांचा. म्हणून विचारा: कुठल्या दिवशी, काय दिसलं की प्रयोग अर्धवट सोडून त्या उंदराला सोडवणार? वजन 20 टक्क्यांहून घटलं, खाणं सुटलं, अंग आक्रसून कोपऱ्यात बसला, असं काही तरी ठरलेलं हवं आणि रोज बघणाऱ्याचं नाव हवं. वेदनाशामक तपासताना तर वेदना दिल्याशिवाय तपासताच येत नाही, ही त्या प्रयोगाची गोची आहे. उंदराला 55 अंशांच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवतात आणि तो पंजा कधी चाटतो ते मोजतात. तिथं विचारायचं ते एवढंच की चाटलाच नाही तर किती सेकंदांनी उचलणार. साधारण पंधरा लिहितात. एकात तो आकडाच नव्हता.

रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी 1959 साली हे सगळं तीन शब्दांत बांधलं, समितीत सगळे त्याला 'थ्री आर' म्हणतात: रिप्लेसमेंट, रिडक्शन, रिफाइनमेंट, म्हणजे प्राण्याऐवजी दुसरं काही, प्राणी कमी, यातना कमी. आपल्या केंद्रीय समितीनं त्यात चौथं घातलं, प्रयोगानंतरचं पुनर्वसन. थ्री आर सगळ्यांना पाठ असतात. अर्जाच्या पहिल्या पानावर लिहिलेले असतात आणि आतल्या पानांवर सापडत नाहीत.

क्रीम की मलम

एकदा द्राक्षबियांच्या अर्काचं क्रीम आलं. वाइनरीतून उरलेला चोथा, त्याच्या बिया, त्यांचा अर्क. कल्पना नाशिकची आणि चांगली. पुढे: 'तीन सशांवर त्वचादाह चाचणी.'

इथं वाटाघाट नाही. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला भारतात 2014 पासून बंदी आहे, आणि बाहेर तशी चाचणी करून आणलेला माल आयात करायलाही त्याच वर्षी बंदी आली. मी तसं म्हटलं. गाईड म्हणाले, "मॅडम, हे सौंदर्यप्रसाधन नाही, हे त्वचेचं औषधी फॉर्म्युलेशन आहे." शेळीपालनाच्या नावाखाली लग्न! मी विचारलं, "मेडिकलमध्ये हे कुठल्या कपाटात ठेवणार? डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायच्या औषधांच्या, की फेसवॉशशेजारी?" मुलगीच पटकन बोलून गेली, फेसवॉशशेजारी. सगळे हसले, ससे सुटले.

ससेच का वापरतात, हेही कळून घ्या. 1944 साली जॉन ड्रेझ या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या नावानं चाचणी रूढ झाली: सशाच्या डोळ्यात पदार्थ घालायचा आणि दिवसेंदिवस लाली, सूज, व्रण मोजायचे. ससा गरीब, ओरडत नाही, डोळे मोठे आणि अश्रू कमी, म्हणून घातलेलं वाहून जात नाही. सशाचा स्वभावच त्याला नडला. आज त्याऐवजी माणसाच्या पेशींपासून वाढवलेली कातडी मिळते, कत्तलखान्यातून आणलेला गुराचा डोळा वापरतात, किंवा उबवायला ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्यावर थेंब टाकून बघतात. त्या मुलीनं अंड्यांवर केलं.

औषधांच्या बाबतीतही वारं फिरतंय. नव्या औषधांच्या नियमांत 2023 साली बदल होऊन पेशींवरच्या आणि चिपवर वाढवलेल्या अवयवांच्या छोट्या नमुन्यांवरच्या चाचण्यांना जागा मिळाली आहे. कुणी 'सरकारला प्राण्यांचाच डेटा लागतो' म्हणालं तर कुठल्या नियमात, हे विचारा.

दुकानातलं थोडं

शेजारणी मला विचारतात, म्हणून लिहिते. साबणावरचा हिरवा ठिपका घटकांबद्दल बोलतो, चाचणीबद्दल नाही. उडत्या सशाचं चिन्ह चाचणीबद्दल बोलतं, घटकांबद्दल नाही. 'प्राण्यांवर चाचणी केलेली नाही' अशा लिपस्टिकमध्ये किड्यांपासून काढलेला लाल रंग असू शकतो, यादीत कार्माइन किंवा 75470 असं दिसतं. दोन्ही हवं असेल तर दोन्ही बघा. आणि गोळ्याऔषधांच्या बाबतीत हे करत बसू नका. जवळपास प्रत्येक जुनी गोळी कधी तरी कुठल्या तरी प्राण्यातून गेलेली आहे. आपण बंद केल्यानं तो प्राणी परत येत नाही, आपला बीपी मात्र वाढतो.

शेतकऱ्यांच्या घरात आणखी एक वस्तू असते. कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण. लाल, पिवळा, निळा, हिरवा. दिराच्या शेडमध्ये सगळे रंग आहेत. तो त्रिकोण म्हणजे उंदरांचा आकडा आहे: तोंडावाटे दिल्यावर निम्मे उंदीर मरायला किलो वजनामागे किती मिलिग्रॅम लागले. 1 ते 50 लाल, 51 ते 500 पिवळा, 501 ते 5000 निळा, पुढे हिरवा. ही निम्म्यांची मोजणी 1927 सालची. अनेक प्राणी खर्ची घालणारी तिची जुनी पद्धत 2002 साली आंतरराष्ट्रीय यादीतून काढून टाकली, आता तीनतीन उंदरांच्या टप्प्यांनी भागतं. एखाद्या अर्जात अजून जुनी पद्धत दिसली तर थांबवा. दिराला मी त्रिकोण समजावला तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, उंदरानं प्यायलं होतं. मी तर ब्लोअरच्या मागे उभा राहून हुंगतो." बरोबर बोलला. त्या दिवसापासून तो मास्क लावतो. अधूनमधून.

मे महिन्यात जा

ॲनिमल हाऊस बघायचा तुम्हाला हक्क आहे. तपासणीची तारीख ठरवताना हिवाळा सुचवला जाईल, द्राक्षं खाऊ घालू म्हणतील. मी मेमध्ये मागते, दुपारी तीनला. नाशिक थंड हवेचं म्हणून ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी 40 अंशांच्या दुपारी सिन्नर फाट्याला उभं राहावं. उंदरांच्या खोलीत 22 अंशांच्या आसपास हवं, प्रकाश बारा तास, अंधार बारा तास. भिंतीवरचा तापमानाचा तक्ता बघा. रोज एकाच शाईनं, एकाच तिरक्या हातानं 22, 22, 22 लिहिलं असेल तर ते एका बैठकीत भरलंय. वीज गेल्यावर जनरेटर एसीला जोडलाय की फक्त ऑफिसला, हे चालू करून दाखवायला सांगा. नाक वापरा. अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबला तर भुसा बदललेला नाही.

आणि तिथल्या अटेंडंटशी बोला, गाईड नसताना. कुठला पिंजरा आजारी आहे हे त्याला माहीत असतं. आमचा अटेंडंट दिंडोरीचा आहे, मला ताई म्हणतो. त्यानंच सांगितलं होतं की एकटा ठेवलेला उंदीर खाणं कमी करतो. मग मी अर्जात 'एका पिंजऱ्यात किती' हेही बघायला लागले.

मंजुरीनंतर

कर्ज मंजूर झालं की काम संपत नाही, म्हैस खरंच आली का ते गोठ्यात जाऊन बघावं लागतं. इथं फॉर्म बीमध्ये मागितलेली संख्या, खरेदीची पावती, फॉर्म सीमधली आवक आणि फॉर्म डीमधला वापर हे चारही आकडे शेजारी मांडा. विरोध असेल तर इतिवृत्तात तुमच्या नावानं लिहून घ्या, आणि इतिवृत्ताची प्रत घरी न्या. सही त्यानंतर.

निर्गुडीच्या मुलाचे 25 मंजूर होते. पावती 25ची. आवक 25. वापर 24. मी वही मागितली. अटेंडंटच्या हस्ताक्षरात, निळ्या शाईत, मराठीत होतं: 'एक पुण्याहून येताना गाडीत मेला. चाकणला ट्राफिक होतं. पाण्याची बाटली उलटी लागली होती.' मी खाली तारीख घातली, सही केली, आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत पहिला विषय लिहिला: प्राणी कुठल्या गाडीनं आणि किती वाजता आणायचे.